केस पेपर कोण वाचणार? रुग्णालय, न्यायालय आणि परिचारिकेची लेखणी

(१) पारोळा म्हटले की इतिहासप्रेमींना प्रथम आठवतो तो गावातील भुईकोट किल्ला. जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनी तो १७२७ मध्ये बांधल्याचे सांगितले जाते. आजच्या धाग्याचा विषय मात्र दगडी तटबंदी नसून कागद आहे. पारोळ्यातील रुग्ण गंभीर झाला की महामार्गाने धुळ्याला नाहीतर जळगावला हलवला जातो आणि परतताना नातेवाइकांच्या हाती कागदांची एक फाईल येते. रुग्ण बरा झाला तर ती फाईल कपाटात जाते. उपचारात काही चुकले अशी शंका आली, तर तीच फाईल न्यायालयात जाते.

(२) तेथे प्रश्न उभा राहतो : ही फाईल वाचणार कोण? वकिलाला कायदा कळतो, वैद्यकीय संक्षेपाक्षरे कळत नाहीत. नातेवाइकांना दुःख कळते, औषधांची मात्रा कळत नाही. ही दरी भरणाऱ्या व्यवसायाला आज ‘लीगल नर्स कन्सल्टंट’ असे नाव आहे : कायदेशीर प्रकरणांतील वैद्यकीय कागद वाचून त्यांचा अर्थ सांगणारी परिचारिका. नाव परके असले, तरी या व्यवसायाची गरज महाराष्ट्रातील खटल्यांत अनेक दशकांपासून दिसते. ती गरज कशी निर्माण झाली, याचा हा आढावा.

(३) प्रारंभ फाईलपासून करू. आंतररुग्णाच्या कागदांत डॉक्टरांचे निदान व आदेश असतात. पण शरीराचे तापमान, नाडी व श्वसन यांचा तक्ता, सलाईन व लघवीचा हिशेब, कोणते औषध किती वाजता दिले त्याची नोंद, रात्री रुग्ण अस्वस्थ झाला तेव्हा डॉक्टरांना केव्हा कळवले त्याची नोंद, हे सारे प्रामुख्याने परिचारिका लिहितात. डॉक्टर फेरीला येऊन जातात. वॉर्डात आठ-आठ तासांच्या पाळीने चोवीस तास उपस्थित असते ती सिस्टर. रुग्णालयातील वेळेचा इतिहास तिच्या अक्षरात लिहिला जातो.

(४) ही लेखणी स्त्रियांच्या हाती आली त्यालाही इतिहास आहे. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या आणि रमाबाई रानडे यांनी वाढवलेल्या पुणे सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण देण्याचे काम केले. विधवांना स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा तो एक मार्ग होता. पुढे १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला आणि १९६६ मध्ये महाराष्ट्र परिचारिका अधिनियम झाला. शिक्षण, नोंदणी आणि शिस्त यांनी युक्त असा हा व्यवसाय बनला. न्यायालयात मात्र त्याला स्वतंत्र आवाज मिळाला नाही.

(५) वास्तविक कायद्याने हा दरवाजा बंद केला नव्हता. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ४५ नुसार विज्ञान किंवा कला यांत ‘विशेष कुशल’ असलेल्या व्यक्तीचे मत न्यायालय विचारात घेऊ शकत असे. तज्ज्ञ हा डॉक्टरच असला पाहिजे, असे त्या कलमात कोठेही म्हटलेले नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये हीच तरतूद पुढे आली आहे. प्रघात मात्र असा पडला की वैद्यकीय प्रश्न म्हणजे डॉक्टरांचे मत.

(६) आता पहिला खटला. ६ मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर सुमारे २० वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावातील डॉक्टरांनी पाय फळ्यांनी बांधला आणि पुण्याला नेण्याचा सल्ला दिला. सुमारे २०० मैलांचा प्रवास टॅक्सीने करून ९ मे रोजी त्याला पुण्यात आणले गेले. त्याच दिवशी तेथील एका खासगी रुग्णालयात त्याच्या पायावर उपचार झाले आणि प्लास्टर घालण्यात आले.

(७) सायंकाळी साडेसहाच्या सुमारास मुलाला श्वास घेणे कठीण जात असल्याचे खाटेशेजारी बसलेल्या आईच्या लक्षात आले. धावपळ झाली, तातडीचे उपचार झाले. पण रात्री नऊच्या सुमारास त्याचा मृत्यू झाला. वडील स्वतः डॉक्टर होते. भूल न देता, अवाजवी जोर लावून हाड बसवल्यामुळे मुलाला धक्का बसला, असा त्यांचा आरोप होता. हाड बसवलेच नाही, केवळ पाय स्थिर केला, असा प्रतिवाद झाला.

(८) ‘डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले’ हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २ मे १९६८ रोजी त्याचा निकाल लागला. मातापित्यांना मिळालेली ३,००० रुपयांची भरपाई कायम राहिली. रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार करावा हे ठरवताना आणि तो प्रत्यक्ष करताना, अशा तीनही टप्प्यांवर डॉक्टरांनी वाजवी दक्षता घेतली पाहिजे, हे सूत्र या निकालाने भारतीय कायद्यात रुजवले. आजही वैद्यकीय हयगयीच्या निकालांत त्याचा आधार घेतला जातो.

(९) या खटल्यातील एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. येथे फिर्यादीच्या घरातच वैद्यकीय ज्ञान होते. मॉर्फियाची मात्रा किती, भूल दिली होती का, हाड ओढण्याची गरज होती का, हे प्रश्न वडिलांना विचारता आले. वडील डॉक्टर नसते, तर ‘नशीब खोटे’ म्हणून प्रकरण घरातच मिटले असते, अशी शक्यता मोठी आहे. योग्य प्रश्न विचारण्यासाठीही ज्ञान लागते आणि ते ज्ञान बहुतेक घरांत नसते.

(१०) दुसरा खटला खानदेशाला अधिक जवळचा आहे. जळगाव व धुळे या जिल्ह्यांतील माणसाला आज उच्च न्यायालयात जायचे असेल, तर औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जावे लागते. त्याच शहरातील शासकीय रुग्णालयात १० जुलै १९६३ रोजी चंद्रिकाबाई खोडवा प्रसूतीसाठी दाखल झाल्या. मुलगा झाला. १३ जुलैला त्यांच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तीव्र ताप आणि असह्य वेदना सुरू झाल्या.

(११) १९ जुलैला दुसऱ्या शल्यविशारदांनी जखम पुन्हा उघडली. पोटात पू साचला होता आणि पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळचा मॉप, म्हणजे रक्त टिपण्याचा कापडी टॉवेल, आतच राहिला होता. २४ जुलैला चंद्रिकाबाईंचा मृत्यू झाला. पती अच्युतराव यांनी शासनाविरुद्ध दावा लावला. कनिष्ठ न्यायालयाने ३६,००० रुपयांची भरपाई मंजूर केली. उच्च न्यायालयात तो निकाल उलटला.

(१२) सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी १९९६ रोजी पुन्हा कुटुंबाच्या बाजूने निर्णय दिला. घटनेपासून निकालापर्यंत ३२ वर्षांहून अधिक काळ गेला होता. रुग्णालय चालवणे हे राजसत्तेचे असे कार्य नव्हे की ज्यासाठी शासनाला जबाबदार धरता येऊ नये, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पोटात राहिलेला टॉवेल ही अशी वस्तुस्थिती होती की हयगय सिद्ध करण्यास वेगळ्या युक्तिवादाची फारशी गरज नव्हती.

(१३) या खटल्याकडे परिचारिकेच्या दृष्टीने पाहिले तर एक निराळाच प्रश्न पुढे येतो. शस्त्रक्रियागृहातील शिस्त अशी की सुरुवातीस टॉवेल, गॉझ व उपकरणे मोजायची आणि पोट शिवण्यापूर्वी पुन्हा मोजायची. दोन्ही आकडे जुळले की मगच टाके. ही मोजणी परिचारिकेचे काम आहे. म्हणून असे प्रकरण तिच्यापुढे आले, तर तिचा पहिला प्रश्न ‘मोजणीची नोंद कोठे आहे?’ हा असेल. डॉक्टर निदान आणि तंत्र पाहतो; नोंद कोणत्या पानावर असायला हवी होती, हे सिस्टरला ठाऊक असते.

(१४) न्यायालयाने परिचारिकांचे म्हणणे मनावर घेतल्याचे एक ठळक उदाहरण मुंबईचे आहे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अत्याचार झाला. मे २०१५ मध्ये निधन होईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात होत्या. इच्छामरणाच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी निकाल देताना, अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले. इतक्या वर्षांत तिच्या अंगावर शय्याव्रण झाले नाही, याची निकालात दखल घेतली गेली. शय्याव्रण नसणे हा शुश्रूषेचा सर्वांत बोलका पुरावा होय. तो कसा वाचायचा, हे परिचारिकेला कोणी शिकवावे लागत नाही.

(१५) दरम्यान खटल्यांची वाट रुंदावली होती. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या निकालाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा या कायद्याच्या कक्षेत आली. ३२ वर्षांच्या दिवाणी दाव्याऐवजी जिल्ह्याच्या ठिकाणी तक्रार करता येऊ लागली. पारोळ्याच्या रहिवाशाला त्यासाठी जळगावला जिल्हा आयोगाकडे जाता येते. तक्रारीची मुदत सर्वसाधारणपणे दोन वर्षे आहे.

(१६) कागदांवरील हक्कही याच काळात पक्का झाला. १९९६ मध्ये रघुनाथ रहेजा यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने रुग्णाला व त्याच्या नातेवाइकांना कागदपत्रांच्या प्रती मिळाल्या पाहिजेत, अशी भूमिका घेतली. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने डॉक्टरांवर आंतररुग्णांच्या नोंदी ३ वर्षे जपण्याचे आणि मागणी आल्यास ७२ तासांत देण्याचे बंधन घातले. फाईल आता मिळू लागली. ती वाचणारा माणूस मात्र मिळेना.

(१७) ५ ऑगस्ट २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने डॉक्टरांवरील फौजदारी कारवाईपूर्वी दुसऱ्या, शक्यतो शासकीय, डॉक्टरांचे निःपक्ष मत आवश्यक ठरवले. ऊठसूट होणाऱ्या तक्रारींपासून डॉक्टरांना संरक्षण हवे, हा त्यामागचा विचार योग्यच होता. पण आपल्याच शहरातील समव्यावसायिकाविरुद्ध मत देण्यास डॉक्टर सहसा कचरतात. ८ मार्च २०१० च्या व्ही. किशन राव निकालाने ग्राहक प्रकरणांत प्रत्येक वेळी तज्ज्ञमत अनिवार्य नाही, असे सांगितले. तरी फाईल समजून घेण्याची गरज काही संपली नाही.

(१८) पालशेतसारखीच रचना पुढे आणखी एका गाजलेल्या खटल्यात दिसते. १९९८ मध्ये अनुराधा साहा यांच्यावर कोलकात्यात उपचार झाले आणि नंतर मुंबईतील रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. पती कुणाल साहा अमेरिकेत डॉक्टर होते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निकाल देताना शुश्रूषेतील उणिवांवरही कठोर भाष्य केले आणि २०१३ मध्ये भरपाई सुमारे ५ कोटी ९६ लाख रुपयांपर्यंत नेली. १९५३ मध्ये वडील डॉक्टर, १९९८ मध्ये पती डॉक्टर. ज्या घरात डॉक्टर नाही, त्या घराने काय करावे?

(१९) अमेरिकेत याच प्रश्नातून एक व्यवसाय उभा राहिला. वैद्यकीय दावे वाढले तेव्हा वकिलांनी अनुभवी परिचारिकांना कागद वाचण्यासाठी बोलावण्यास सुरुवात केली. १९८९ मध्ये अशा परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. भारतात या कामासाठी स्वतंत्र वैधानिक नोंदणी नाही. त्यामुळे येथे हा व्यवसाय पदवीपेक्षा कामाच्या दर्जावर उभा राहतो.

(२०) काम नेमके काय? सर्व पाने तारीख व वेळेनुसार लावणे. कोणती पाने गहाळ आहेत ते सांगणे. रात्री १० वाजता लिहून दिलेले इंजेक्शन प्रत्यक्षात किती वाजता दिले गेले, हे दोन तक्ते ताडून शोधणे. खाडाखोड व मागाहून घातलेल्या ओळी दाखवणे. वकिलाला समजेल अशा मराठीत किंवा इंग्रजीत टिपण लिहिणे. आणि दावा टिकणारा नसेल, तर तसे स्पष्ट सांगणे. हे शेवटचे काम सर्वांत मोलाचे आहे. त्याने कुटुंबाची वर्षे वाचतात आणि निर्दोष डॉक्टरची अब्रूही वाचते. डॉक्टर दोषी आहे की नाही, हा निर्णय तिचा नव्हे, न्यायालयाचा.

(२१) हयगयीचे दावे हा या कामाचा एक भाग झाला. पारोळ्यासारख्या महामार्गावरील गावात मोटार अपघातांचे दावे अधिक परिचयाचे असतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखालील न्यायाधिकरणापुढे उपचारांची बिले, अपंगत्वाचा दाखला आणि पुढील शुश्रूषेचा खर्च मांडावा लागतो. ५ फेब्रुवारी २०२० च्या ‘काजल विरुद्ध जगदीश चंद’ निकालात, अपघाताने कायमची परावलंबी झालेल्या मुलीसाठी सर्वोच्च न्यायालयाने दोन मदतनीसांचा खर्च धरला, कारण एक माणूस चोवीस तास सांभाळ करू शकत नाही. दिवसातून किती वेळा कूस बदलावी लागेल, कोणते साहित्य लागेल, हा हिशेब परिचारिकेइतका अचूक कोण मांडणार?

(२२) खानदेशातील एखाद्या परिचारिकेला या वाटेने जायचे असेल, तर पाया वॉर्डातील अनुभवाचा हवा. अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह, प्रसूतिगृह यांतील काही वर्षे ही खरी भांडवलाची वर्षे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी चालू हवी. कायद्याची पदवी अनिवार्य नाही. हवी असल्यास तीन वर्षांच्या एलएलबीसाठी आधी कोणतीही पदवी लागते. जीएनएम ही पदविका असल्याने तिच्या आधारे थेट प्रवेश मिळत नाही. आधी पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंगसारखी पदवी घ्यावी लागते. जळगावात मणियार विधी महाविद्यालय आहे. म्हणजे शिक्षणासाठी पुणे-मुंबई गाठलीच पाहिजे असे नाही.

(२३) पहिले काम बहुधा अपघाताचे दावे चालवणाऱ्या वकिलाकडून मिळते. त्याला एका फाईलचा दोन पानी कालक्रम करून दिला की उपयोग पटतो. मर्यादाही ध्यानात ठेवाव्या लागतात. शासकीय सेवेतील परिचारिकेला १९७९ च्या वर्तणूक नियमांमुळे पूर्वपरवानगीशिवाय असे खासगी काम करता येत नाही. ज्या रुग्णालयात नोकरी, तेथील फाईल हाती घेणे अनुचित. रुग्णाची माहिती गुप्त राहिली पाहिजे. प्रारंभी उत्पन्न अनियमित असते, म्हणून नोकरी लगेच सोडणे शहाणपणाचे नाही.

(२४) हे ज्ञान परिचारिकांना स्वतःसाठीही हवे आहे. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात आग लागली आणि ११ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यानंतर एका वैद्यकीय अधिकाऱ्यासह परिचारिकांनाही अटक झाली. त्यांचा दोष होता की नव्हता, हा न्यायालयाचा प्रश्न. पण तज्ज्ञ म्हणून क्वचितच बोलावली जाणारी परिचारिका आरोपी म्हणून मात्र चटकन बोलावली जाते, हे वास्तव त्या घटनेने दाखवले. ड्युटीवर वेळच्या वेळी केलेली नोंद हा तेव्हा तिचाही बचाव असतो.

(२५) इतिहासाचा विद्यार्थी दस्तऐवजाला तीन प्रश्न विचारतो : कोणी लिहिले, केव्हा लिहिले, काय लिहायचे राहिले? केस पेपरलाही हेच प्रश्न विचारावे लागतात. पालशेतच्या कुटुंबाला ते विचारता आले, कारण घरात डॉक्टर होता. औरंगाबादच्या कुटुंबाला न्यायासाठी तीन दशकांहून अधिक काळ थांबावे लागले. धुळ्याहून किंवा जळगावहून फाईल घेऊन पारोळ्याला परतणाऱ्या कुटुंबाला हे प्रश्न विचारून देणारी व्यक्ती तालुक्यातच भेटू शकते. ती आज बहुधा कोणत्या तरी वॉर्डात रात्रपाळीचा तक्ता भरत असेल.

धागा समाप्त.